उसवलेली लोकर

टांगा दारात थांबला. मी खाली पाय टाकणार एवढ्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, आतूनच हात वर करून मला थांबवलं. भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्या बाहेर आल्या. तुकडा माझ्यावरून ओवाळून रस्त्यापलीकडं टाकला, माझ्या पायांवर पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "ये आता. पण सोप्यातूनच डाव्या अंगाला जा. तुझी खोली तिकडं केलीय."

जवळजवळ दोन वर्षांनी मी गडहिंग्लजच्या आमच्या घरी येत होते. बरी होऊन येत होते. डॉक्टरांनी तसा कागद दिला होता आणि तो ह्यांच्या खिशात होता. आत्याबाईंना तो वाचून दाखवायचा असं आम्ही एसटीत ठरवलंही होतं. पण त्या क्षणी मला कागदाचं काही सुचलं नाही. मी आत बघत होते.

माजघराच्या दारात माझ्या थोरल्या जाऊबाई उभ्या होत्या, गोदाक्का. त्यांच्या लुगड्याच्या निऱ्या एका लहान मुठीत होत्या. मूठ, एक हात आणि एक डोळा, एवढंच मला दिसत होतं. तो माझा मुरली. मी गेले तेव्हा तो पाळण्यात होता, मान धरत नव्हता.

पौषातली थंडी होती. त्याच्या अंगात स्वेटर होता. बाही कोपरापर्यंत पिवळी, मग एकदम निळी, मग दोन बोटं तपकिरी आणि मनगटाशी पुन्हा पिवळी. टाके कुठं सैल, कुठं आवळलेले. गाठी बाहेर आलेल्या. असा स्वेटर पहिल्यांदा सुया धरणारं माणूससुद्धा लाजून उसवून टाकील.

विणकाम माझं नव्हतं. पण लोकर माझी होती. पिवळी मी त्याच्या पहिल्या दोन झबल्यांना घेतली होती. निळी दुसऱ्या थंडीतल्या स्वेटरला. तपकिरी लोकर मोज्यांची, मळखाऊ म्हणून मुद्दाम मागवलेली. प्रत्येक रंग मी कुठल्या खिडकीशी बसून विणला ते मला आठवत होतं. डाव्या अंगाला वळले आणि माझ्या खोलीत गेले. तिथं एक खाट होती, एक जर्मनचं ताट आणि एक तांब्या. ताटाच्या काठाला खिळ्यानं फुली मारलेली होती.

मुरली झाला आणि माझा ताप उतरेना. बाळंतपणाचा ताप आहे म्हणून काढे झाले, शेक झाले. शेवटी मिरजेला नेऊन छातीचा फोटो काढला तेव्हा डाग निघाला. क्षय म्हटल्यावर त्या काळी घरात जे होतं ते झालं. मूल त्याच दिवशी माझ्याजवळून उचललं. गोदाक्कांना लग्नाला इतकी वर्षं होऊन मूलबाळ नव्हतं. आत्याबाईंनी त्यांच्या ओटीत मुरलीला ठेवलं आणि मला डोंगरावरच्या सॅनेटोरियममध्ये पाठवलं. बारसंही मी पाहिलं नाही. नाव काय ठेवलं ते मला ह्यांच्याकडून कळलं. गोदाक्कांनी ठेवलं होतं.

तिथं दिवस फार लांब असायचे. पडून राहायचं, इंजेक्शन घ्यायचं, दूध प्यायचं, पुन्हा पडून राहायचं. माझ्या शेजारच्या खाटेवर निपाणीच्या एक शाळामास्तरीण होत्या. माझं रडणं ऐकून ऐकून कंटाळल्या असतील. एक दिवस त्यांनी माझ्या हातात दोन सुया दिल्या आणि सुलट टाका शिकवला. मग उलट शिकवला. रडत रडत टाके मोजता येत नाहीत, एवढं मला पहिल्याच दिवशी कळलं.

हे वीजमंडळात होते, आजऱ्याला. महिन्यातून एकदा भेटायला यायचे, येताना कोल्हापुरातून लोकर आणायचे. मी पहिलं टोपडं विणायला घेतलं तेव्हा विचारलं, डोकं केवढं झालंय त्याचं? हे म्हणाले, नारळाएवढं. मी विचारलं, सोललेला की बिनसोललेला? ह्यांना सांगता येईना. मग मी अंदाजानं विणत गेले. टोपडी, मोजे, कुंची, झबलं, स्वेटर. प्रत्येक वेळी वाढत्या अंगाचं म्हणून टाके थोडे जास्तच घालायची. सिस्टर सगळं दिवसभर उन्हात टाकायला लावायच्या आणि मगच न्यायला परवानगी द्यायच्या. हे पिशवी घेऊन जायचे. पुढच्या वेळी आले की मी विचारायची, "घालतात का त्याला?"

"घालतात की," हे म्हणायचे.

ह्यांना खरं ठाऊक नव्हतं. आजऱ्याहून रविवारचे घरी जायचे, पिशवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवायचे आणि परत जायचे. पोराच्या अंगात काय आहे ते पुरुष कधी बघतात? पण मला त्या 'घालतात की'चा फार आधार होता. मी नाही तर नाही, माझ्या हातचं काहीतरी त्याच्या अंगाला लागून आहे, असं मी स्वतःला सांगायची. त्याच्यावर मी बरी झाले म्हटलं तरी चालेल.

आणि आता घरी आल्यावर बघते तर त्यातलं एकही कापड दिसत नव्हतं. दोरीवर नाही, खुंटीला नाही. एकदा गोदाक्का मुरलीला घेऊन आमच्या पिठाच्या गिरणीवर थोरल्या दिरांचा डबा द्यायला गेल्या, तेव्हा मी त्याची पत्र्याची ट्रंक उघडून बघितली. तिच्यात तसलंच एक वेडंवाकडं टोपडं निघालं, एक मोज्यांचा जोड निघाला, दोन्ही मोजे दोन मापांचे. रंग सगळे माझे. माझ्या हातचा एक टाका कुठं नव्हता. मी झाकण लावलं. माझ्या डोक्यात एकच आलं. ह्या बाईनं माझं मूल घेतलं, माझ्या मुलाला स्वतःच्या मनाचं नाव दिलं आणि मी पाठवलेलं सगळं बसून उसवलं. म्हणजे मी कधी होतेच नाही.

मुरली त्यांना आई म्हणायचा. मला काहीच म्हणायचा नाही. पहिल्या दिवशी ह्यांनी त्याला उचलून माझ्यासमोर आणलं आणि सांगितलं, ही तुझी आई. त्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं, मग मागं वळून गोदाक्कांकडं बोट केलं. "आई ती हाय," म्हणाला. समजावून सांगितल्यासारखं. त्याच्या मते आम्हीच चुकत होतो.

डॉक्टरांचा कागद ह्यांनी वाचून दाखवला. थुंकी साफ आहे, मुलाला मांडीवर घ्यायला हरकत नाही, असं त्यात लिहिलं होतं. आत्याबाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "त्या डॉक्टरच्या घरात नातू असता तर लिहिलं असतं का त्यानं?" मी खोलीच्या दाराशी बसायची आणि मुरली अंगणात खेळायचा. मधे आत्याबाई पाट टाकून बसायच्या.

गोदाक्का माझ्याशी वाईट वागल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या गरम पाणी काढून ठेवायच्या, दूध आणून द्यायच्या, जास्त बोलायच्या नाहीत. माझ्याकडं बघायचं टाळायच्या. ते टाळणं मला चोराचं वाटायचं.

मग एका रविवारी हे आजऱ्याहून आले आणि सोप्यात बसणं झालं. आत्याबाई, थोरले दीर आणि हे. मी माझ्या दारात होते. ह्यांनी सांगितलं की खोली घेतलीय, उद्या सकाळच्या गाडीनं तिघंही जाणार. आत्याबाई आधी समजुतीनं बोलल्या. कुमुदला अजून ताकद नाही, तिनं अजून वर्षभर विश्रांती घ्यावी, पोर इथं रुळलंय. मग खरं ते बोलल्या. गोदाला देवानं दिलं नाही, तुम्हाला अजून होईल, हे एक तिच्याकडंच राहू द्या, घरातलं घरात आहे. थोरले दीर खाली मान घालून नखानं जमीन उकरत होते. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. हे उठले. "आमचं पोरगं आम्ही नेणार," म्हणाले, "आणि ह्यात विचारायचं काय आहे?"

आत गोदाक्का भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला नाही. मला त्यांना दुखवायचं होतं. मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत जायची मला मनाई होती, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहिले.

"गोदाक्का, मुरलीचे कपडे बांधायचेत," मी म्हटलं. "मी विणून पाठवलेले तेवढे काढून द्या. सगळे."

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "ते नाहीत, कुमुद."

"कुठं गेले?"

त्यांनी तवा उतरवला, हात पुसले आणि मला म्हणाल्या, मागं चल. आम्ही परसात न्हाणीपाशी गेलो. तिथं पाणी तापवायची चूल होती, तांब्याचा हंडा होता. चुलीमागच्या कोनाड्यातून त्यांनी एक फडकं काढलं आणि उलगडून माझ्या हातात काहीतरी ठेवलं. ते माझंच पिवळं झबलं होतं. पण एवढंसं, बाहुलीला येईल इतकं. लोकर आटून नमद्यासारखी कडक झालेली, टाका ओळखू येत नव्हता.

"पहिलं टोपडं आलं ते आत्याबाईंनी चुलीत घातलं," त्या म्हणाल्या. "मी नुसती बघत राहिले. पुढच्या वेळची पिशवी मी आधी धरली. म्हटलं, उकळून घेते, मग घालू. तर हे असं झालं. मला काय ठाऊक, लोकर उकळायची नसते."

मी ते हातात धरून उभी होते.

"मग पोस्टमास्तरच्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, उसव, लडी कर, कढत पाण्यात नुसती बुडवून काढ, ढवळू नको, पिळू नको. उन्हात टाक. तसं करत गेले. पिशवी आली की उसवायची. घरात सांगितलं, लोकर दुकानातली आहे. आत्याबाईंना अजून तेच ठाऊक आहे."

"आणि विणलं?"

"तिनंच शिकवलं. तुझ्यासारखं येत नाही." त्यांनी त्या आटलेल्या झबल्यावरून बोट फिरवलं. "उसवताना हात चालत नव्हता गं. कसले सुबक टाके होते तुझे. एका टोपड्यावर बारकी पानं होती. ते ठेवून द्यावं म्हणून दोन दिवस उशाशी घेऊन झोपले. पण भीती वाटायची. पोराला काही झालं तर तुला तोंड कुठलं दाखवू?"

मी विचारलं, एवढं होतं तर टाकून का दिली नाही लोकर? दुकानात काय लोकर मिळत नव्हती?

गोदाक्कांनी पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "सगळे म्हणत होते, तिचं काही त्याच्या अंगाला लागता कामा नये," त्या म्हणाल्या. "असं कसं चालेल? आई हायेस तू त्याची."

त्यांनी ते आटलेलं झबलं माझ्या हातातून घेतलं, फडक्यात गुंडाळलं, कोनाड्यात ठेवलं आणि भाकऱ्या व्हायच्या राहिल्यात म्हणून आत निघून गेल्या. मी न्हाणीच्या दगडावर बसले. इतके दिवस मी ज्या रागावर उभी होते तो पायाखालून गेला होता, आणि त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा जड होतं.

सकाळी आम्ही निघालो. ट्रंक टांग्यात ठेवली. गोदाक्कांनीच मुरलीला आंघोळ घातली, काजळ लावलं, स्वेटर चढवला आणि ह्यांच्या हातात दिला. टांग्यात बसायचं म्हणून तो खुशीत होता. टांगा हलला आणि गोदाक्का मागंच उभ्या आहेत हे त्याच्या ध्यानात आलं. मग तो जे ओरडला ते ओरडणं मी जन्मात ऐकलं नव्हतं. ह्यांनी त्याला छातीशी दाबून धरलं. तो चावला, लाथा झाडल्या, आणि मग रडता रडता त्याचा श्वास अडकला. तोंड उघडं आणि आवाज नाही. ओठ निळे पडायला लागले.

मी टांगा थांबवला. खाली उतरून त्याच्या तोंडावर पाणी मारलं. श्वास परत आला. रस्त्यात माणसं जमली होती. गोदाक्का दारातच होत्या, दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून. एक पाऊल पुढं आल्या नव्हत्या. त्याला घ्यायला यावं असं त्यांना किती वाटत असेल ते त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

मी ह्यांना म्हटलं, "तुम्ही जा पुढं. मी राहते इथं. तो आपण होऊन माझ्याकडं येईल तेव्हा आम्ही येऊ."

ह्यांना आधी समजलंच नाही. मग चेहरा उतरला. "दोन वर्षं मी हातानं चूल पेटवून खाल्लंय, कुमुद," हे हळू आवाजात म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

"आणि तो कधीच आला नाही तर?"

आणखी थोडे दिवस चूल पेटवा, एवढंच मी म्हटलं. हे एकटे गेले. टांग्यातून मागं वळून बघितलंसुद्धा नाही. पुढचे कितीतरी रविवार आले नाहीत. आत्याबाई म्हणाल्या, बघ, नवराही गेला आणि पोरगंही नाही, काय मिळवलंस? रोज सकाळी मलाही तेच वाटायचं.

दुपारी आत्याबाई आडव्या झाल्या की मी परसदाराच्या पायरीवर जाऊन बसायची. गोदाक्का तांदूळ निवडायला तिथंच यायच्या. एक दिवस त्या सुया घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, बाहीला टाके कमी कसे करायचे ते मला कधी जमलंच नाही, दाखव. मी दाखवलं. मग मोज्याची टाच दाखवली. त्यांचा हात जड होता, टाका आवळायच्या. सैल सोडा, मी म्हणायची, लोकर कुठं पळून जात नाही. आम्ही दुसरं काही बोलायचो नाही. मुरली आमच्यामधे लोकरीचे गुंडे घरंगळवत खेळायचा. मला त्यानं नाव ठेवलं होतं, लोकलबाई. लोकर म्हणता यायचं नाही. गुंडा हवा असला की लोकलबाईकडं यायचा, घ्यायचा आणि आईकडं पळायचा. पडला, भूक लागली, झोप आली, कुत्रं भुंकलं, सगळ्याला आईच.

माघ संपत आला. थंडी कमी झाली. माझ्या मनानं हळूहळू घेतलं होतं की हे असंच राहणार. मी आजऱ्याला एकटी जाईन, सणाला येईन आणि लोकलबाई म्हणवून घेईन. पुढच्या रविवारी हे आले तर तसं सांगून टाकायचं, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. गोदाक्कांना मी ते बोलूनही दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ऐकलं की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची गोष्ट. मी आडाजवळ सावलीला बसले होते. गोदाक्का परसदाराच्या उंबऱ्यात होत्या, मांडीवर सूप. मुरली जळणाच्या ढिगावर चढला होता. उतर म्हणेपर्यंत ओंडका फिरला आणि तो हनुवटीवर आपटला. उठला तेव्हा हनुवटी फुटून रक्त लागलं होतं. दोन्ही हात पुढं करून तो रडत त्यांच्याकडं धावला.

गोदाक्का ताडकन उठल्या. सूप खाली पडलं, तांदूळ सांडले. त्यांचेही हात पुढं झाले होते. मी बघितलंय, हात पुढं झाले होते. आणि मग त्यांनी त्याच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं. एकदाच. त्या मागं सरल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज मला आडापाशी ऐकू आला.

मुरली दारावर आदळला. मुठींनी दार बडवायला लागला. आई, आई, दार काढ. तो ओरडत होता आणि आतून काही आवाज नव्हता. बांगडीचा नाही, श्वासाचा नाही. पुढच्या सोप्यातून आत्याबाई विचारत होत्या, काय झालं, काय झालं. त्यांना कुणीच उत्तर दिलं नाही.

मी उठले नाही. धावत गेले असते तर तो बुजला असता, असं मी पुढं लोकांना सांगितलं. खरं म्हणजे मी गेले आणि त्यानं मला ढकललं तर, ह्याचीच मला भीती होती. मी फक्त हात पुढं करून बसले.

बडवून बडवून तो थकला. दाराला पाठ लावून हुंदके देत उभा राहिला. परसात दुसरं कुणी नव्हतं. तो माझ्याकडं निघाला. अर्ध्या वाटेत थांबून त्यानं पुन्हा एकदा दाराकडं बघून घेतलं. मग आला आणि माझ्या मांडीत तोंड खुपसलं.

मी त्याला उचललं. पाळण्यातून काढून नेल्यापासून पहिल्यांदा. केवढा जड झाला होता. हनुवटी पदरानं दाबून धरली. तो रडत रडत माझ्या खांद्यावरच झोपला. तो झोपल्यावरही दार उघडलं नाही.

दिवेलागणीला गोदाक्का बाहेर आल्या. सांडलेले तांदूळ वेचले, कंदील पुसून लावला, ताटं घेतली. डोळे सुजलेले होते. मुरली झोपेतून उठून त्यांच्याकडं जायला निघाला, तर त्यांनी त्याचं ताट उचलून माझ्यापुढं ठेवलं, माझ्या फुलीच्या ताटाशेजारी. आत्याबाई काही बोलणार होत्या, पण गोदाक्कांचा चेहरा बघून गप्प बसल्या.

"भात मऊ कालव," गोदाक्का म्हणाल्या. "आणि झोपवताना थोपटायचं नाही त्याला. केसांतून हात फिरवायचा."

त्या रविवारी हे आले आणि आम्ही तिघं आजऱ्याला गेलो. गोदाक्का निरोपाला घरात नव्हत्या. पहाटेच माहेरी निघून गेल्या होत्या, भावाला बरं नाही म्हणून. भाऊ चांगला होता, ते नंतर कळलं.

आजऱ्यात मुरली पुष्कळ दिवस रात्री उठून आई मागायचा आणि मी जवळ घेतलं की, तू नाही, म्हणायचा. मग हळूहळू ते गेलं. लहान मुलं विसरतात. पुढं सगळ्यांसारखं तोही त्यांना गोदाक्का म्हणायला लागला. मी त्याला सगळं सांगितलं, पण सांगून कुणाला काय आठवतं? गोदाक्का आमच्याकडं राहायला म्हणून कधी आल्या नाहीत. आम्ही गेलो की त्याला जेवायला वाढायच्या आणि लांब बसून बघायच्या.

मुरलीला मुलगी झाली तेव्हा मात्र त्या बारशाला कोल्हापुरात आल्या. थकल्या होत्या, एका डोळ्यानं दिसत नव्हतं. बाळंतविडा घेऊन आल्या होत्या. टोपडं, मोजे, झबलं, सगळं स्वतः विणलेलं. टाके इतके सारखे की मी उलटून पालटून बघत राहिले. माणसं जेवायला बाहेर गेली होती. खोलीत आम्ही दोघीच होतो. इतकी वर्षं जे विचारलं नव्हतं ते मी विचारलं.

"गोदाक्का, त्या दिवशी मुरली पडला, तेव्हा दार का लावून घेतलंत?"

त्या झबल्याची घडी करत होत्या. घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

"दार?" त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं लागलं असेल गं."

त्या दुपारी वारा नव्हता. आडावरच्या शेवग्याचं पान हलत नव्हतं.

"असेल," मी म्हटलं, आणि त्यांच्या हातातून झबलं घेतलं.